तळाला हाक मारणारी चकती

जयगडच्या खाडीतून बाहेर पडलेला एखादा ट्रॉलर गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसमोर आला आहे आणि त्याच्याखाली दहा मीटर पाणी आहे, असं समजू. तांडेलासमोरच्या पडद्यावर दहाच्या आसपासचा आकडा दिसतो. तो येतो बोटीच्या बुडात बसवलेल्या मुठीएवढ्या चकतीकडून. गंमत अशी, की या चकतीला खोली मोजताच येत नाही. तिला कळतो फक्त वेळ. ती खाली एक आवाज सोडते आणि मग गप्प राहून ऐकते. आवाज तळाला आपटून परत येईपर्यंत सेकंदाचा जेमतेम पंचाहत्तरावा भाग गेलेला असतो. पाण्यातला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. वेळेला वेगानं गुणायचं, निम्मं करायचं, झाली खोली.

ही चकती येण्याआधी शतकानुशतकं खोली मोजण्याचं काम शिशाच्या वजनानं आणि दोरीनं होत होतं. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. अशा वावांनी दोरी मोजत तळ गाठायचा. दर्यावर्दी मंडळी शिशाच्या बुडाला चरबी फासत, म्हणजे वाळू आहे की चिखल तेही चिकटून वर येई. ही युक्ती मला आजही अतिशय हुशारीची वाटते. भारतीय सागरी सर्वेक्षणाचं खातं 1874 साली कलकत्त्यात उभं राहिलं, तेव्हा खोल्या मोजायला दोरीच होती. आज आपल्या किनाऱ्याचे नकाशे बनवणारं कार्यालय डेहराडूनला आहे, समुद्रापासून भरपूर लांब!

चकतीच्या पोटात असतो एक दाब ओळखणारा पदार्थ. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक या क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग करून पाण्यात आवाज सोडला आणि पकडला. आज स्फटिकाऐवजी सिरॅमिकची वडी असते. तोंड आणि कान दोन्ही तीच. पुढे प्रतिध्वनीच्या याच तंत्रानं डेन्मार्कच्या ‘दाना’ जहाजानं 1928 ते 1930 च्या मोहिमेत आपल्याच अरबी समुद्राच्या पोटातली एक अख्खी पर्वतरांग उजेडात आणली. तिला कार्ल्सबर्गचं नाव मिळालं, कारण मोहिमेला पैसा पुरवणारं प्रतिष्ठान त्या नावाच्या बिअर कंपनीच्या संस्थापकाचं होतं.

आता निवड. बाजारात दोन कंपनसंख्या नेहमी दिसतात, 50 किलोहर्ट्झ आणि 200 किलोहर्ट्झ. पहिलीची लाट तीन सेंटीमीटर लांब, दुसरीची साडेसात मिलिमीटर. लांब लाट खोलवर पोचते, पण फार पसरते. नेहमीच्या मापाच्या चकतीतून 50 चा झोत जवळपास 45 अंशांचा निघतो आणि दहा मीटरवर आठ मीटर रुंद पट्टा व्यापतो; 200 चा झोत बारा अंशांच्या आसपास आणि तिथंच दोन मीटरचा. रुंद झोतात खडकाचा सुळका आणि शेजारची घळ एकमेकांत मिसळतात. गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात काम असेल, तर डोळे मिटून 200 घ्यावी. शिवाय विजेची टिचकी मारल्यावर वडी लगेच थांबत नाही, थोडा वेळ थरथरत राहते, आणि तोवर ती बहिरी असते. बुडाखालचं पहिलं थोडंसं पाणी त्यामुळेच तिला दिसत नाही. कमी कंपनसंख्येत हे बहिरेपण जास्त टिकतं.

परतलेल्या आवाजाच्या जोरावरून तळाचा स्वभावही कळतो. काळा कातळ खणखणीत उत्तर देतो, चिखल बराचसा आवाज गिळून टाकतो. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी वेळणेश्वरपासून श्रीवर्धनकडच्या किनाऱ्याला पाण्याखाली भिंतीसारखी रचना असल्याचं मांडलं, तेव्हा ती माणसानं रचली की निसर्गानं, हा प्रश्न उभा राहिला. उंची आणि टणकपणा सांगणाऱ्या प्रतिध्वनीला ती कोणी उभी केली ते सांगता येत नाही. त्यासाठी पाण्यात उतरून दगड हाताळावे लागतात.

पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ पूर्ण उलटा फिरतो, आणि बसवणीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. पडद्यावर मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. घोळ माशाची जी पिशवी, म्हणजे बोत, सोन्याच्या भावानं विकली जाते, तीच आवाज परतवते. मुशी आणि वागळीला ही पिशवीच नसते, म्हणून त्या फिक्या दिसतात. पण हवेचे हेच बुडबुडे चकतीच्या तोंडावरून वाहू लागले की ती आंधळी होते.

म्हणून जागा अशी हवी, जिथं पाणी शांत, अखंड सरकतं: ट्रॉलरसारख्या संथ बोटीत नाळीपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, साधारण एक तृतीयांश मागे, पंख्यापासून लांब, पाणी आत घेणाऱ्या वा बाहेर सोडणाऱ्या भोकांच्या पुढे. पंखा मागून पाहता उजवीकडे फिरत असेल, तर उजवी बाजू बरी, कारण तिथं पाती खाली जातात. बूड उतरतं असतं, चकतीचं तोंड मात्र सरळ खाली हवं. नाहीतर आवाज तिरका जाऊन खोली जास्त दाखवतो. त्यासाठी उताराच्या मापानं कापलेला ठोकळा आत-बाहेर लावतात, किंवा आतली वडीच 12 वा 20 अंशांनी तिरकी बसवलेली चकती घेतात.

लाकडी बोटीला ब्राँझचीच चकती लावावी. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लॅस्टिकला चिरडतं. ॲल्युमिनियमच्या बोटीला उलट ब्राँझ नको: खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. फायबरला दोन्ही चालतात. पण माझं स्पष्ट मत असं, की वेळणेश्वरच्या पुळणीवर ओढून ठेवल्या जाणाऱ्या छोट्या फायबर होडीला बुडाला भोक पाडूच नये. रोज वाळूवर घासलं जाणारं बाहेरचं तोंड किती टिकणार? घट्ट फायबरमधून आवाज आरपार जातो, थोडा क्षीण होऊन. अशा होडीत चकती आतूनच चिकटवावी, फक्त मध्ये फोम भरलेला थर किंवा हवेचा बुडबुडा नको. लाकडातून मात्र ही सोय नाही.

भोक पाडायचा मुहूर्त सरकारच देतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. आधी आतून बारीक छिद्र पाडून बाहेर नेमकं कुठं येतंय ते बघायचं, मग मोठी करवत. भोकाच्या कडा बोटीला लागणाऱ्या सीलंटनं भरायच्या, घरगुती सिलिकॉननं नाही. केबल कापायची नाही, इंजिनाच्या तारांपासून दूर न्यायची. कवचधारी जीव तोंडावर बसू नयेत म्हणून लावायचा रंग प्लॅस्टिकला चालणारा हवा.

आणि आकडा? मघाचे दहा मीटर पडद्यावर बहुधा पावणेदहाच दिसतील. यंत्र 1500 चा वेग धरतं. आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात तो 1540 च्या जवळ असतो. प्रतिध्वनी लवकर परततो, खोली कमी दिसते. चूक आहे, पण तळावर आपटण्यापासून वाचवणारी. पावसाळ्यात शास्त्री नदीचं गोडं पाणी जयगडच्या खाडीत भरलं, की तिथं वेग 1500 च्या आसपास येतो आणि हा फरक आपोआप जवळजवळ नाहीसा होतो.

यंत्र खोली मोजतं ती चकतीच्या तोंडापासून. पठाण, म्हणजे बोटीच्या बुडाचा मधला कणा, तिच्याहून अर्धा मीटर खाली असेल, तर तेवढं वजा करायची सेटिंग असते. ती करायला लोक हमखास विसरतात. भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक पडणाऱ्या या किनाऱ्यावर, वाळू साचलेल्या खाडीच्या मुखातून आत शिरताना तो अर्धा मीटर फार मोठा असतो. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली, की आधी आतला नट कोरडा आहे का पाहावं, लाकूड फुगेपर्यंत एकदोन दिवस पाहत राहावं, आणि मग बांधलेल्या बोटीवरून वजनाची दोरी सोडून पडद्यावरचा आकडा ताडून घ्यावा.