खाडीपलीकडचं तटबंद गाव

भाईंदर पूर्वेच्या नवघर रोडवर चाळिशी गाठलेली इमारत म्हातारी धरतात. पुनर्विकासाचा फलक लागतो आणि बिऱ्हाडं भाड्याच्या घरात हलतात. याच नवघरहून खाडी ओलांडली की पलीकडे वसईत चारशे वर्षांपूर्वीचा एक मनोरा उभा आहे. विरार लोकलने रोज खाडीपुलावरून जाणाऱ्यांना पाणी दिसतं, पाणजू बेट दिसतं. पण वसईला उतरणं काही होत नाही. वास्तविक पलीकडेही एक नवघर आहेच. वसई रोड स्थानकाजवळच्या या नवघरची माणिकपूरसह नगरपालिका होती; 2009 साली ती वसई-विरार महापालिकेत विलीन झाली.

आता तर फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर पश्चिमेहून रो-रो बोट सुरू झाली आहे. स्कूटरसकट बोटीत चढायचं आणि किल्ल्याजवळच्या जेट्टीवर उतरायचं. लोकलच्या गर्दीपेक्षा हा रस्ता खरा, कारण वसईची सगळी कथा या खाडीचीच आहे. जाताना डाव्या हाताला चौकची टेकडी लागते. तिथे धारावीचा किल्ला होता. 1739 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि खाडीच्या तोंडावर त्यांचा पहारा बसला. वसईची रसद याच पाण्यातून येत असे. खाडी ज्याची, वसई त्याची, असा तो हिशेब होता.

वसईचा किल्ला पाहायला येणारे तोफा आणि बुरूज शोधत फिरतात. पण हा किल्ला कमी आणि गाव जास्त. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत एक शहर नांदलं. रस्ते, वाडे, बाजार, मठ आणि चर्च असा सगळा संसार होता. जर्मनीतल्या रोथेनबुर्गसारख्या छोट्या तटबंद गावात आजही तटाच्या आत घराघरांत चुली पेटतात. वसईचा तट तसाच भक्कम आहे, आतली वस्ती मात्र गेली.

भुई दरवाज्याने आत शिरताना वाट काटकोनात वळते. धावून आलेल्या शत्रूचा जोर मोडावा म्हणून ही सोय. पुढे सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दिसतो. दर्शनी भागावर 1601 सालचा शिलालेख आहे. छप्पर कधीच गेलं, त्यामुळे आत उभं राहून वर पाहिलं की थेट आकाश. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र मान खाली घालून चालावं. पायाखालच्या फरशीतच थडग्यांचे दगड बसवलेले आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. वसईचा हा दगड तेव्हा नावाजलेला होता. गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेच्या दर्शनी भागालाही तो वापरला गेला. येशूसंघीयांचं चर्च आता गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. वसईत जन्मलेल्या या धर्मबंधूला 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं गेलं. 1862 साली त्याला संतपद मिळालं.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं. 16 मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मानाने निघून जाण्यासाठी त्यांना आठवडाभराची मुदत मिळाली. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी मुलखातल्या देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच एक. तिच्यावर 1721 हे साल आहे. 1780 मध्ये वसई इंग्रजांनी घेतली. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी तह केला तोही इथेच.

आज किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आत नागेश्वर आणि वज्रेश्वरीची देवळं आहेत. दर्या दरवाज्याबाहेर पाऊल टाकलं की कोळीवाडा. किल्लाबंदर, पाचूबंदर या बाजूला वलांडींवर बोंबील वाळत असतात आणि कोणी ना कोणी जाळं विणत बसलेलं असतं. म्हणजे गाव संपलं नाही, तटाबाहेर सरकलं. गावातल्या बाजारात राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर घेऊन यावीत.

ऊन उतरल्यावर परतीची बोट धरावी. समोर भाईंदरच्या इमारती दाटीने उभ्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी चाळिशीला टेकल्यात. पाठीमागे मनोरा. चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या, छप्पर पडलं, मालक बदलत गेले. तो मात्र अजून जागचा हललेला नाही.