वॉटर पार्कची सहल आणि कडेवरचे तान्हुले

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की वस्तीत सहलीची बोलणी सुरू होतात. विहाराच्या ओट्यावर वर्गणी ठरते, बस ठरते. ठिकाण बहुधा ठरलेलेच असते. मुंबईकरांसाठी गोराईचे वॉटर किंगडम, पनवेल-पुण्याकडच्यांसाठी खोपोलीजवळचे इमॅजिका, नाहीतर जिल्ह्याच्या गावाबाहेरचा एखादा लहान वॉटर पार्क. गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले १९८९ साली. तेव्हा शाळेच्या सहलीतून तिथे गेलेल्या मुली आता आज्या व्हायला आल्या. मौजेच्या या जागा आपल्या लोकांना नव्या राहिलेल्या नाहीत. पण दरवर्षी एप्रिलमध्ये कोणीतरी नवी आई आम्हाला विचारतेच, "ताई, बाळ चार महिन्यांचे आहे. घेऊन जाऊ का?"

आम्ही तिला उलट विचारतो, "दिवसभर बाळाला घेणार कोण?"

कारण आम्ही अशा अनेक सहली पाहिल्या आहेत. सगळे पाण्यात उतरतात. बाळाची आई बाकावर बसते. तिच्याकडे बाळ असतेच, शिवाय सगळ्यांच्या चपला, पिशव्या आणि मोबाइलही सांभाळायला असतात. तिकीट तिचेही काढलेले असते, पण तिच्या वाट्याला राखणदारी येते. संध्याकाळी बाळ तापलेले आणि आई थकलेली, अशी दोघे घरी येतात.

चार महिन्यांच्या बाळाला लाटांचा तलाव आणि घरची बादली यांतला फरक कळत नाही. त्याला दूध, सावली, झोप आणि ओळखीची कूस हवी. सहल खरी आईसाठी आहे. बाळंतपणानंतर चार-पाच महिने घरात काढलेल्या बाईला मोकळी हवा आणि चार माणसांतले हसणे हवे असते, आणि हाही आरोग्याचाच भाग आहे. म्हणून बाळाची आबाळ न होता आईलाही दिवस मिळावा, अशी आखणी करायची. ती कशी, ते पाहू.

किती महिन्यांचे बाळ न्यावे?

तीन महिन्यांच्या आतले बाळ अशा गर्दीत नेऊ नका. या वयात साधा संसर्गही लवकर बळावतो. वेळेआधी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा नुकतेच आजारी पडलेले बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला नेता येते, पण मे महिन्याच्या उन्हात नको. डिसेंबर-जानेवारीत जा, सुट्टीचा वार टाळून जा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळतो, त्यानंतर गेलात तर अधिक चांगले. गोवराचे विषाणू रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत बंद जागेतल्या हवेत राहू शकतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा लहान मुले दगावली. लस घेण्याइतके वय न झालेल्या बाळाचे रक्षण आजूबाजूची लस घेतलेली मुलेच करतात. म्हणून सहलीच्या यादीत नाव लिहिताना घरातल्या प्रत्येक मुलाचे लसीकरण कार्डही काढून बघा. राहिलेला डोस सहलीच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण करा.

ऊन, तहान आणि तान्हे

तान्ह्या बाळाचे शरीर मोठ्यांइतक्या सहजपणे उष्णता बाहेर टाकू शकत नाही. आपल्याला नुसते गरम होते तेव्हा बाळ तापलेले असू शकते. सकाळी ११ ते ४ या वेळेत त्याला झाडाखाली किंवा छपराखालीच ठेवा. अंगात सुती झबले, डोक्यावर कडा असलेली सुती टोपी पुरे. लोकरीचे टोपडे, पायमोजे, दुपट्यात घट्ट गुंडाळणे नको. ऊन लागू नये म्हणून बाळाच्या तोंडावरून ओढणी टाकतात, तेही टाळा. आतली हवा कोंडते आणि बाळ आणखी तापते. सहा महिन्यांच्या आत उन्हाचे क्रीम लावू नये, सावली हाच उपाय.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी द्यायचे नाही. कडक उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. तहान लागली असे वाटले तर जास्त वेळा पाजा. पाणी आईने भरपूर प्यावे. ग्लुकोजचे पाणी, पार्कातला सरबत, चाटवलेले आइस्क्रीम यांतून जुलाब घरी येतात.

"उन्हातून आलीस, तापलेले दूध पाजू नको," असे म्हातारी माणसे सांगतात. त्यांची माया खरी, पण समजूत खरी नाही. आई उन्हातून आली काय किंवा थंड पाण्यातून आली काय, अंगावरचे दूध बाधत नाही. ते पिळून टाकण्याची गरज नाही. तलावातून बाहेर आल्यावर साध्या पाण्याने छाती धुवा, कोरडे कपडे घाला आणि पाजा. धुवायचे एवढ्यासाठी की तलावाच्या पाण्यात क्लोरीन असते.

बाळाला वरचे दूध असेल तर काळजी अधिक घ्यावी लागते. सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत चालत नाही. पावडर कोरड्या डब्यात आणि उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये वेगळे न्या. लागेल तेव्हाच कालवा, पाजण्याआधी निववा, उरलेले फेकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा. सहा महिन्यांवरच्या बाळासाठी केळे सोलून कुस्करून देता येते, त्याला भांडेही फारसे लागत नाही. अनेक पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. बाळाच्या खाण्याला बहुधा अडवत नाहीत, पण बस ठरवणाऱ्याने आधी फोन करून विचारून घ्यावे.

पाजायचे कुठे?

एसटी स्थानकांवर आपण 'हिरकणी कक्ष' अशी पाटी पाहतो. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे नाव त्या खोलीला दिले आहे. सार्वजनिक ठिकाणी अशी सोय असावी याकडे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे लक्ष वेधले. पैसे देऊन जाण्याच्या जागीही ती मागायला लाजायचे कारण नाही. एका पार्कात आम्हाला अशा खोलीची पाटी दिसली, पण आत झाडू आणि बादल्या रचलेल्या होत्या. आम्ही चार जणींनी मिळून व्यवस्थापकाला बोलावले. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली, खुर्ची आली. एकट्या बाईने ओरडून जे झाले नसते, ते चौघींनी शांतपणे सांगून झाले. फाटकातून आत शिरताच ही खोली कुठे आहे, ते विचारून ठेवा. खोली नसेल तर ओढणी आडवी धरणाऱ्या दोघी मैत्रिणी पुरतात.

पाण्यात आणि पाळण्यात

बाळाला घसरगुंडीवर, झुल्यावर, वेगाने फिरणाऱ्या कोणत्याही गाडीत मांडीवर घेऊन बसू नका. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. झटका आपल्याला गंमत वाटतो, बाळाला तो इजा करू शकतो. मोठ्या भोंग्याजवळ, नाचाच्या कारंज्याजवळही नको. मोठ्या आवाजाने तान्ह्या कानांना अपाय होतो.

सहा महिन्यांच्या आत तलाव नको. त्यानंतरही उथळ, कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे, तीही हातात धरूनच. ओठ निळसर दिसले किंवा बाळ थरथरले तर लगेच बाहेर काढून पुसा. जुलाब होत असतील तर बाळच काय, मोठ्यांनीही तलावात उतरू नये. आणि ध्यानात ठेवा, वीतभर पाण्यातही बाळ बुडते, आणि बुडताना आवाज होत नाही. "सगळे लक्ष ठेवत होते" याचा अर्थ कित्येकदा कोणीच लक्ष ठेवत नव्हते, असा होतो.

म्हणून पाळ्या लावा. अर्धा तास बाबा, अर्धा तास आत्या, अर्धा तास मामा. पाळी ज्याची, त्याच्या हातात मोबाइल नाही. वडिलांनी लंगोट बदलला म्हणून त्यांचे काही कमी होत नाही. आजीला मात्र एकटीला दिवसभर बसवू नका, तिकीट तिचेही आहे. पाजण्याच्या मधल्या दोन-अडीच तासांत आई पाण्यात जाऊन येऊ शकते. सिझेरियन झालेल्या आईने डॉक्टरांना विचारूनच उतरावे, आणि गरोदर बाईने घसरगुंडी व झुले पूर्ण टाळावेत.

बसमध्येही पाळी चालते. बाळ घेतलेल्याने ड्रायव्हरशेजारी, इंजिनच्या धगीजवळ बसू नये. गोराईला मार्वे किंवा बोरिवलीच्या बाजूने बोटीने जायचे असेल तर बाळ दोन्ही हातांत, पिशवी दुसऱ्याकडे.

ही लक्षणे दिसली तर

बाळाने सहा तासांत लघवी केली नाही, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, ते मलूल झाले किंवा दूध ओढेना, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. अंग फार तापले असेल तर सावलीत घ्या, कपडे काढा, साध्या पाण्याच्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, पीत असेल तर पाजा. बर्फ लावू नका. पार्कातल्या प्रथमोपचार केंद्रात न्या. बाळ गळून गेले, झटके आले, श्वास जोरात चालला तर १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

सहलीहून आल्यावर बाळ रडले की मीठ-मोहरी ओवाळली जाते. तेवढ्या वेळात आधी ताप बघा, लंगोट बघा, पाजून बघा. दृष्ट काढण्यात गेलेला तास आजारी बाळाला महाग पडतो.

घरी ठेवायचे झाले तर

बाळाला घरी ठेवून आईने जावे, हाही चांगला मार्ग आहे. तिला दोष देऊ नका. स्वच्छ हात धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या वाटीत दूध काढून ठेवा. खोली गार असेल तर ते चार तास टिकते, उकाड्यात त्याहून कमी, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज शेजारणीकडे असला तरी चालेल. लागेल तेवढेच काढून कोमट पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, वाटी-चमच्याने पाजा. आईनेही दिवसात दोन-तीनदा दूध काढावे, नाहीतर छाती दाटते, गाठी होतात, ताप येतो.

यंदा महिला मंडळांनी सहलीची वर्गणी गोळा करतानाच एक कागद वेगळा करावा. त्यावर प्रत्येक तान्ह्या बाळाचे नाव, वय, राहिलेली लस आणि त्याला सांभाळणाऱ्या चार जणांच्या पाळ्या लिहाव्यात. चारांतले निदान दोघे पुरुष असावेत. कागद बस सुटण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याचे नाव वाचले गेले, तो पाळी विसरला असे सहसा होत नाही.