‘रिफिफी’ (१९५५) : मौनाची चित्रभाषा आणि तिचा प्रभाव

महायुद्धोत्तर फ्रेंच गुन्हेपटांच्या इतिहासात ‘रिफिफी’ या चित्रपटाचे स्थान मध्यवर्ती मानले जाते. वस्तुतः त्याचे दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन हे अमेरिकन होते. १९५१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे एडवर्ड दिमित्रिक व फ्रँक टटल या दिग्दर्शकांनी साम्यवादी म्हणून त्यांचे नाव घेतले. हॉलिवूडची दारे बंद झाली. पुढे फ्रान्समध्ये मिळालेला एक चित्रपटही अमेरिकी दबावामुळे हातचा गेला. अशा विपन्नावस्थेत त्यांनी ऑग्युस्त ल ब्रताँ यांच्या कादंबरीचे रूपांतर स्वीकारले. कादंबरी त्यांना मुळीच रुचली नव्हती. निर्मितीखर्च जेमतेम २ लाख डॉलर असल्याने प्रमुख भूमिकेसाठी उतरती कळा लागलेल्या जाँ सर्वे यांची निवड झाली. त्यांचा थकलेला चेहरा पाहता ही काटकसर चित्रपटाच्या पथ्यावरच पडली, असे म्हणावे लागते.

कादंबरीत अल्प जागा व्यापणारी जवाहिऱ्याकडील चोरी डॅसिन यांनी सुमारे अर्ध्या तासापर्यंत विस्तारली. वरच्या मजल्यावरील घराची जमीन फोडून चोर खाली उतरतात. पडणारा चुरा झेलण्यासाठी भोकातून छत्री सोडून ती उघडली जाते. धोक्याची घंटा मुकी करण्यासाठी तीत अग्निशामक फेस भरला जातो. या संपूर्ण प्रसंगात संवाद नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी त्यासाठी संगीतरचना केली होती. परंतु दोन्ही रूपे पाहिल्यावर संगीताविना प्रसंग अधिक परिणामकारक होतो, हे त्यांनीच मान्य केले. प्रेक्षक श्वास रोखून हातोडीचा आवाज ऐकतो, आणि नकळत चोरांचा साथीदार बनतो.

तथापि या मौनाला केवळ तंत्र समजणे अपुरे ठरेल. टोळीतील सेझार प्राणभयाने सहकाऱ्याचे नाव फोडतो आणि नायक तोनी त्याला ठार करतो. सेझारची भूमिका खुद्द डॅसिन यांनी ‘पेर्लो व्हिता’ या टोपणनावाने केली आहे. हे दृश्य चित्रित करताना आपल्याला दगा देणारे मित्र डोळ्यांसमोर होते, असे त्यांनी पुढे सांगितले. ज्याचे नाव इतरांनी घेतले, त्यानेच नाव घेणाऱ्याच्या कातडीत शिरून मरण पत्करावे, ही योजना विलक्षणच होय. चोरीतील मौन आणि सेझारचे बोलणे यांचा असा एकत्र विचार फारसा होत नाही.

१९५५ च्या कान महोत्सवात डॅसिन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक विभागून मिळाले. १९५८ मध्ये इटलीत मारिओ मोनिचेल्ली यांनी या प्रकाराचे विडंबन केले. डॅसिन यांनीही ‘तोपकापी’त (१९६४) चोरीकडे खेळकरपणे पाहिले, ‘मिशन : इम्पॉसिबल’मधील (१९९६) दोरीवरून अधांतरी उतरण्याच्या प्रसंगावर याच चित्रपटाची छाप आहे. ‘रिफिफी’च्या सर्वाधिक जवळ पोहोचले ते मात्र जाँ-पिएर मेल्विल. मुळात ‘रिफिफी’चे दिग्दर्शन त्यांच्याकडे येणार होते. पुढे १९७० मध्ये ‘ल सर्क्ल रूज’ या चित्रपटात त्यांनी पॅरिसच्या प्लास व्हाँदोममधील जवाहिऱ्याची चोरी रंगवली, तीही जवळजवळ अर्धा तास आणि निःशब्द.