रेणूंची शिस्त

नार्नूरच्या रानातील कापूस हाताला मऊ लागतो. पण त्याच्या तंतूत सेल्युलोजचे लांब रेणू शेजारीशेजारी, मळसूत्री वळणांनी रचलेले असतात. धाग्याचे बळ ह्या रचनेत आहे.

१९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक यांना बहुवारिकाचे एक पातळ, गढूळ द्रावण मिळाले. छिद्रे तुंबतील ह्या भीतीने तंत्रज्ञ त्याचे सूत काढावयास तयार होईना. वस्तुतः तो द्रव स्फटिक होता. ताठ रेणूंचे जुडगे निरनिराळ्या दिशांना वळलेले असल्याने प्रकाश विखुरला जाई; गढूळपणा त्याचाच. क्वोलेक यांनी आग्रह सोडला नाही. बारीक छिद्रांतून जाताना सारे जुडगे एका दिशेस आले आणि धागा विलक्षण मजबूत निघाला. ह्याच वाटेने पुढे केव्हलार आले; समान वजनाच्या पोलादाहून ते पाचपट बळकट. त्याची चिलखते आज गोळीपासून प्राण वाचवितात. गढूळ म्हणून ते द्रावण ओतून दिले असते तर?