सूचनापेटीने उद्योजक घडत नाहीत
आजकाल प्रत्येक मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विकास विभागाला एकच ध्यास लागला आहे. कर्मचाऱ्याने नुसते नोकर राहू नये. मालकासारखा विचार करावा, नवी कल्पना मांडावी, जोखीम पत्करावी! त्यासाठी सूचनापेट्या लागतात, शिबिरे होतात, भिंतीवर घोषवाक्ये झळकतात. पण ज्या समाजाला हजारो वर्षे ज्ञानाची आणि धंद्याचीही बंदी होती, त्याच्या लेकरांच्या वाट्याला यातून काय येते, हे कोणी विचारत नाही.

हा विचार अमेरिकेतून आला. नोकरीत राहूनच उद्योजकासारखे काम करणाऱ्याला गिफर्ड पिंचॉट यांनी 'इंट्राप्रेन्युअर' म्हटले. १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या कितीतरी आधी थ्रीएम कंपनीने आपल्या तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर खर्चण्याची मुभा दिली होती. तेथील स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक गोंद तयार केला. तो घट्ट चिकटेना. म्हणून त्यांची नोकरी गेली नाही. पुढे आर्ट फ्राय या सहकाऱ्याला त्याच गोंदाचा उपयोग सुचला आणि १९८० मध्ये 'पोस्ट-इट' चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. म्हणजे कल्पनेला वेळ लागतो आणि फसलो तरी भाकरी जाणार नाही, ही खात्री लागते.

आपल्याकडे ही खात्री कोणाला आहे? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. २०१२ च्या एका अभ्यासात देशातील १००० बड्या कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्चवर्णीय आढळले. दारातच आडनाव विचारणारी व्यवस्था आत घेतल्यावर कल्पना ऐकेल काय? आपला माणूस गप्प बसतो तो अक्कल नाही म्हणून नव्हे. चूक झाली तर ती त्याच्या जातीच्या नावावर मांडली जाईल आणि यश आले तर ते साहेबाच्या नावावर जाईल, हे त्याला ठाऊक असते.

जन्माने धंदा ठरला की माणसाची आवड आणि कुवत दोन्ही मारली जातात, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामगार, मालक आणि सरकार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय पद्धत पुढे नेली. पुढे १९७६ मध्ये कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे कलम ४३-अ संविधानात आले. कामगाराचे डोके चालावे, हा आपल्या संविधानाचाच आग्रह आहे. मॅनेजमेंटच्या पुस्तकांनी तो नव्याने शोधलेला नाही.

म्हणून घोषवाक्ये नकोत, नियम हवेत. पहिला, प्रत्येक सूचना तारीख आणि नावासह नोंदवून त्याची पोच द्या. पेटंट कायद्याच्या कलम २८ नुसार शोधकर्त्याला पेटंटमध्ये आपले नाव नोंदवून मागता येते. तेच तत्त्व साध्या सूचनेलाही लावा. दुसरा, मूल्यमापन लपवू नका. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे, असे ठरवले. खासगी कंपन्यांनी तो धडा का घेऊ नये? तिसरा, सूचना तपासणाऱ्या समितीत अनुसूचित जाती-जमातींचे आणि स्त्रियांचे प्रतिनिधी असावेत. चौथा, कंत्राटी कामगारालाही हा हक्क द्या. गटारात उतरणाऱ्याला गटाराची जेवढी माहिती असते तेवढी कोणत्या इंजिनिअरला असते? पण त्याला कोणी विचारत नाही आणि तो मात्र आत गुदमरून मरतो!

आपल्या शिकलेल्या तरुणांनीही गप्प राहू नये. कल्पना तोंडी सांगू नका. लेखी द्या, प्रत जवळ ठेवा. नोकरीत धंद्याचे गणित शिकून घ्या. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठेवला. तो घ्यायला तयारीची माणसे लागतात आणि ती नोकरीतूनच तयार होऊ शकतात.

मालकासारखा विचार करा, असे सांगणाऱ्यांनी आधी कर्मचाऱ्याला माणसासारखे वागवावे. तेवढे झाले तर सूचनापेटी रिकामी राहणार नाही.