पंधरा दिवसांत रोख : घर विकणाऱ्याने काय पाहावे?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. घर विकताना काय पाहावे, हे मात्र वाडवडिलांनी फारसे सांगून ठेवलेले नाही. घर विकणे हा त्यांच्या दृष्टीने बोलण्याचा विषयच नव्हता. आज परिस्थिती बदलली आहे. मुले परगावी स्थायिक होतात, म्हातारी माणसे जुन्या घरात एकटी उरतात, आणि अशा वेळी दाराच्या फटीतून एक छापील कागद आत येतो : ‘घर आहे त्या स्थितीत घेऊ. दलाली नाही. पंधरा दिवसांत रोख रक्कम.’ या कागदावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

असा कागद माझ्या मावशीकडे आला, म्हणून मी या विषयाकडे वळलो. मावशी उज्जैनला देवास गेट भागात राहते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी शिंदेशाहीबरोबर माळव्यात गेलेली अनेक मराठी कुटुंबे उज्जैनलाच राहिली. देवास गेटच्या बस स्थानकाला राजाभाऊ महाकाळ यांचे नाव दिले गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा सत्याग्रहात गोळी लागून हुतात्मा झालेले ते हेच. हा भाग रेल्वे स्थानकाला लागून आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली आहे, आणि पुढचे सिंहस्थ २०२८ चे. तेव्हा येथले जुने घर विचारणाऱ्याचे लक्ष बहुधा घरावर नसून लॉजला योग्य अशा जागेवर असते.

मावशीचे म्हणणे साधे होते. “अरे, मुलगा पुण्याला. गुडघे जिना चढू देत नाहीत. त्याच्याजवळ लहानसा फ्लॅट घेऊन राहीन म्हणते. हा माणूस पंधरा दिवसांत पैसे देतो, मग नाही कशाला म्हणायचे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. आधी हिशेब मांडावा लागतो.

अशी कंपनी बाजारभावापेक्षा कमी पैसे देते, हे उघड आहे. पण ती किंमत कशाकशापोटी कापते? तीन गोष्टींपोटी. पहिली, तिचा पैसा लगेच अडकतो त्याचा मोबदला. दुसरी, घराच्या कागदपत्रांत गुंता असेल तर तो सोडवण्याचा धोका. तिसरी, तिचा नफा. यांपैकी नफा तिच्या हाती आहे. पहिल्या दोन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी विकणाऱ्याच्या हाती असतात.

घाईची किंमत आकड्यांत पाहू. समजा, आठ महिने थांबल्यास घराचे ६० लाख येतील आणि कंपनी आज ४५ लाख देते. विकणाऱ्याला तातडीने १० लाखच हवे आहेत. ही रक्कम १२ टक्के व्याजाने आठ महिन्यांसाठी कर्जाऊ घेतली, तर व्याज होते ८० हजार रुपये. म्हणजे ८० हजारांत भागणाऱ्या घाईसाठी आपण १५ लाख मोजतो. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण हा हिशेब केल्यावाचून कोणीही सही करू नये.

आता कागदपत्रे. मावशीचे घर अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर होते. सासऱ्यांनी ते स्वकष्टाने घेतलेले; मृत्युपत्र केलेले नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना हा समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे मावशीची इंदूरची नणंद निम्म्याची मालकीण होती. कंपनीचा माणूस म्हणाला, “मग तुमचा हिस्सा तेवढा द्या.” असा अविभक्त हिस्सा विकता येतो, हे खरे, पण सहवारसाला तो आधी घेण्याचा अग्रहक्क आहे. शिवाय कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली कुटुंबीय न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेऊ शकतात. अशा भांडणाचा धोका असल्यामुळेच सुट्या हिश्शाला भाव अगदी कमी मिळतो. मावशी आणि नणंद यांनी दोघींनी मिळूनच विकायचे ठरवले आणि नामांतरणाचा अर्ज दिला. नामांतरण म्हणजे मालकी नव्हे. पण वारस कोण हे कागदावर स्पष्ट झाले की गिऱ्हाइकाचा धीर वाढतो, आणि किंमतही.

‘रोख’ या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांच्या रूपात घेता येत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होऊ शकतो. तसेच सरकारने प्रत्येक भागासाठी दर ठरवून दिलेले असतात. मध्य प्रदेशात त्यांना गाईडलाइन, महाराष्ट्रात रेडी रेकनर आणि कर्नाटकात मार्गसूची दर म्हणतात. घर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक स्वस्त विकले, तरी भांडवली नफ्याचा कर मोजताना सामान्यतः सरकारी दरच धरला जातो. म्हणजे हाती न आलेल्या पैशांवर कर!

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कराराचा. मावशीला दिलेल्या मसुद्यात ५१ हजार बयाना, तीन महिन्यांची मुदत आणि कंपनीच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र, एवढे होते. पंधरा दिवस फक्त जाहिरातीत! अशा मसुद्याचा अर्थ उघड आहे : कंपनी स्वतः घर घेत नाही, ती तीन महिने घर अडकवून दुसरे गिऱ्हाईक शोधते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. साठेखत किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. मालकी जात नाही, पण मनःशांती मात्र जाते. कारण दुसऱ्याला विकायचे तर आधी तो करार सोडवावा लागतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये झटपट घरखरेदीच्या धंद्याची सरकारी चौकशी २०१३ मध्ये झाली. विकणारा पुरता बांधला गेल्यावर ऐनवेळी भाव पाडणे, ही त्यात पुढे आलेली एक मोठी तक्रार होती. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत झिलो या कंपनीने संगणकाच्या अंदाजावर घरे घेतली आणि तोटा येऊन २०२१ मध्ये तो व्यवसाय बंद केला. घराची खरी किंमत ओळखणे मोठ्या कंपन्यांनाही अवघड जाते. म्हणून एकाच माणसाने सांगितलेला भाव, मग तो कोणीही असो, भाव मानू नये.

तर मग अशा कंपनीला कधीच विकू नये काय? तसे नाही. कर्जापोटी बँकेचा लिलाव तोंडावर आला असेल, घर मोडकळीस येऊन दुरुस्तीला पैसा नसेल, किंवा सर्व वारस दूर देशी असून एकमताने मोकळे होऊ इच्छीत असतील, तर कमी पैसे पण लवकर सुटका हा सौदा शहाणपणाचा ठरू शकतो. मात्र तेव्हाही मुखत्यारपत्र देऊ नये, आणि पूर्ण रक्कम बँकेतून मिळेल त्याच दिवशी खरेदीखतावर सही करावी.

तात्पर्य, घर विकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मालक नक्की कोण कोण? सरकारी दर आणि शेजारचे ताजे व्यवहार काय सांगतात? आणि आपल्याला खरोखर किती पैसे, किती दिवसांत हवे आहेत? मावशीने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच काढले. मुलाकडे जायला तिला घर विकण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. ती दिवाळीनंतर पुण्याला गेली. घराची किल्ली नणंदेकडे आहे, आणि दोन गिऱ्हाइके दर विचारून गेली आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या असा कागद येईल. तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वही-पेन्सिल घेऊन आजी-आजोबांजवळ तासभर बसावे. त्या तासाची किंमत काही लाख रुपये असू शकते.