बग्गीचं प्लास्टिक आणि न टिकणारा रंग

आजचा भाग बग्गीवर आहे. लग्नातली घोड्याची बग्गी नाही, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट. आपल्यापैकी बहुतेकांनी ती गोल्फच्या मैदानावर पाहिलेलीच नसते. रेल्वेच्या फलाटावर, प्राणिसंग्रहालयात नाहीतर मोठ्या सोसायटीत पाहिलेली असते.

आमच्या सोसायटीतही एक आहे. गेटपासून शेवटच्या इमारतीपर्यंत आजी-आजोबांची ने-आण करते. मोटर ठणठणीत, बॅटरी नवी. पण बंपर, मडगार्ड, डॅशबोर्ड सगळं राखाडी पडलेलं. मध्यंतरी एका गॅरेजमधून रंग मारून आणला, तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. मग मीटिंगमध्ये दोन मतं पडली: नवीन पॅनेल मागवा, किंवा बग्गी विकून टाका. विकली तर गुडघे दुखणाऱ्यांनी गेटपासून घरी कसं यायचं, यावर मात्र कुणी बोलेना. मी म्हटलं, आधी रंग का टिकला नाही ते तरी शोधू. आम्ही इंजिनिअर लोक, बग कुठे आहे ते कळल्याशिवाय कोड बदलत नाही.

आधी प्लास्टिक राखाडी का पडतं ते बघू. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडतात. पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि काळं प्लास्टिक राखाडी दिसायला लागतं. पण हा खेळ बहुतेक वेळा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तोच पार्ट उलटून बघा, आतली बाजू अजून काळीभोर असते. पार्ट हलका वाकवल्यावर तडकत नसेल, तर तो रंगवण्याजोगा आहे. तडकला तर रंगाचे पैसे वाचवा, पार्टच बदला.

आता मुख्य प्रश्न, रंग सोलतो का? बहुतेकांना वाटतं रंग हलका होता. खरं तर रंग चांगला असला तरी खालच्या प्लास्टिकला तो चिकटलेलाच नसतो. अशा बंपर-मडगार्डसाठी पॉलिप्रोपिलीन, म्हणजे पीपी, किंवा त्याचंच रबर मिसळलेलं भावंड टीपीओ खूप वापरतात. पीपी म्हणजे आपल्या जेवणाच्या डब्याचं प्लास्टिक. त्यावर काहीच नीट चिकटत नाही, कारण त्याची पृष्ठऊर्जा कमी असते. पीपीची साधारण 30 मिलिन्यूटन प्रति मीटर, तर एबीएसची 35 ते 40. शिवाय एबीएसला रंगातला थिनर किंचित विरघळवतो, त्यामुळे रंग आत शिरून पकड घेतो. पीपी थिनरला दादच देत नाही. रंग वर नुसता बसून राहतो आणि पाणी, ऊन, धक्का यातलं काहीही लागलं की उठतो.

म्हणून रंग विकत घ्यायच्या आधी प्लास्टिक ओळखा. पार्टच्या आतल्या बाजूला अनेकदा इंग्रजी अक्षरांत छाप असतो: पीपी, टीपीओ किंवा एबीएस. छाप नसेल तर आतल्या कडेचा छोटा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पीपीची घनता 0.9 च्या आसपास, म्हणून ते तरंगतं. एबीएसची 1.04 च्या आसपास, ते बुडतं. टाल्कची पूड मिसळलेलं पीपीसुद्धा बुडू शकतं, त्यामुळे छाप सापडला तर त्यावरच विश्वास ठेवा. आतून काचेचे धागे दिसले तर ते फायबर. त्याला पीपीची औषधं लागत नाहीत.

आता काम. पार्ट काढता येत असतील तर काढून घ्या. भांडी घासायच्या साबणाने दोनदा स्वच्छ धुवा. घासायच्या आधी धुवायचं, नाहीतर वरचं तेल तुम्हीच आत रगडता. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश कधी लावलं असेल तर जास्तच जपा. त्यातल्या सिलिकॉनमुळे रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग वॉटर पेपर, आधी 400 नंबर, मग 600. पीपीवर जोर लावू नका, केसासारखे तंतू उभे राहतात. परत धुवा, सुकवा, अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.

पीपी किंवा टीपीओ असेल तर पुढची पायरी चुकवायचीच नाही: अधेजन प्रमोटर, म्हणजे पकड देणारा प्रायमर. यात बहुधा क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन असतं. त्याचं एक अंग पीपीशी जमवून घेतं, दुसरं रंगाशी. अगदी पातळ मारा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वर रंग द्या. रंगाचे तीन पातळ हात, 20-25 सेंटिमीटरवरून, मध्ये 10-15 मिनिटं थांबून. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते, म्हणून कोरडी सकाळ निवडा. पुढची पारदर्शक काच ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते. ती आधीच पूर्ण झाका, थिनरने तिला तडे जातात.

मग आठवडाभर थांबा आणि टेस्ट करा. ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून जाळी काढा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटकन ओढा. पट्टीवर रंगाचे चौकोन आले तर पकड नाही. ही टेस्ट आधी आतल्या, न दिसणाऱ्या भागावर करायची. आम्ही एका मडगार्डच्या आत केली, पट्टी कोरी निघाली, मगच बाकीचे पार्ट हातात घेतले.

शेवटी दोन गोष्टी, आणि या मनावर घ्या. पहिली, हार्डनर मिसळून मारायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही. तो रंग स्प्रे बूथ असलेल्या गॅरेजवाल्यालाच मारू द्या. साधा स्प्रेसुद्धा उघड्यावर, विस्तवापासून लांब आणि वाफा अडवणारा मास्क लावूनच. दुसरी, डब्यात उरलेला रंग हेल्मेटवर मारायचा मोह होईल. मारू नका. हेल्मेटचं कवच अनेकदा पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसचं असतं, थिनरने ते आतून कमकुवत होतं आणि बाहेरून काही कळत नाही. ते कळतं थेट रस्त्यावर.

तुमच्या घरात असा राखाडी पडलेला पार्ट असेल, स्कूटरचा असो की खुर्चीचा, तर आज तो नुसता उलटून बघा आणि कुठला छाप सापडला ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात!